लालबागचा बेंजो आणि त्याचे गोत

मुंबईच्या लालबाग, परळ, दादर आणि गिरगाव या भागांत ज्या वाद्याला सर्रास ‘बेंजो’ म्हटले जाते, त्याचे अमेरिकेतल्या बँजोशी नावापलीकडे कोणतेही नाते नाही. अमेरिकन बँजोला कातड्याने मढवलेले गोल तोंड असते आणि त्यातून निघालेली लांब मान असते, त्यामुळे त्याची ठेवण सतार किंवा गिटारच्या जवळची ठरते. लालबागच्या बेंजोला मानच नाही. साधारण दोन फूट लांबीची अरुंद लाकडी पेटी, तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेल्या पोलादी तारा आणि त्या तारांवर टाइपरायटरसारखी मांडलेली बटणे, एवढाच त्याचा संसार असतो. त्याचे दुसरे आणि अधिक नेमके नाव बुलबुलतरंग असे आहे, पण गिरणगावात, म्हणजे लालबाग-परळच्या गिरण्यांच्या भागात, ते नाव कोणी घेत नाही. तिथे वाद्य बेंजो, ते वाजवणारा बेंजोमास्तर आणि त्याच्या भोवती उभा राहणारा ताफा बेंजो पार्टी, हीच भाषा चालते.

या वाद्याचे खरे गोत शोधायचे तर वाद्यांच्या वर्गीकरणाकडे जावे लागते. भरताच्या नाट्यशास्त्राने तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग सांगितले, म्हणजे अनुक्रमे तारांची, फुंकण्याची, कातड्याने मढवलेली आणि ठोकून वाजवण्याची घन पदार्थांची वाद्ये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रुसेल्सच्या संग्रहालयातील व्हिक्टर माहियाँ यांनी आपल्या वर्गीकरणासाठी हाच चौकोनी आराखडा उचलला आणि त्यावरूनच पुढे १९१४ साली एरिश फॉन हॉर्नबॉस्टेल आणि कुर्ट झाक्स यांनी आज जगभर वापरली जाणारी पद्धत सिद्ध केली. आधुनिक वाद्यशास्त्राच्या मुळाशी भरताचा विचार आहे, ही गोष्ट संगीताच्या विद्यार्थ्यांना जितकी ठळकपणे सांगायला हवी तितकी सांगितली जात नाही. या पद्धतीत ततवाद्यांचे मुख्य दोन विभाग केले आहेत. पहिल्यात तारा ज्यावर ताणल्या आहेत तो भाग, मग ती दांडी असो, फळी असो वा नळी, स्वतः पुरेसा असतो आणि नाद वाढवणारा भोपळा किंवा पेटी काढून घेतली तरी तारांची रचना मोडत नाही. दुसऱ्यात मान आणि पोकळ अंग एकमेकांत असे गुंतलेले असतात की एक काढले तर वाद्यच उरत नाही. पहिल्या विभागाला झिथर कुळ म्हणतात.

या कुळाचा विस्तार थक्क करणारा आहे. जपानचा तेरा तारांचा कोतो, चीनचा सात तारांचा गुचिन, कोरियाचा गायागुम, अरबांचा कानून, इराणचे ७२ तारांचे संतूर, फिनलंडचे कांतेले, मादागास्करची बांबूच्या नळीवर बांधलेली वालिहा आणि आल्प्सच्या डोंगराळ मुलुखातले मूळ झिथर ही सारी एकाच कुळातली भावंडे होत, आणि काटेकोर बोलायचे तर दिवाणखान्यातला पियानोसुद्धा त्यांच्यातच मोडतो. भारतात काश्मीरचे संतूर आणि गायकांच्या मांडीवरचे स्वरमंडल ही या कुळातली आहेत, त्याचप्रमाणे दोन भोपळ्यांवर दांडी पेलणारी रुद्रवीणाही त्यातलीच आहे, जिचे विसाव्या शतकातले थोर वादक झिया मोहिउद्दीन डागर यांनी मुंबईत राहून विद्यादान केले. महाराष्ट्रातला याचा सर्वांत साधा आणि बहुधा सर्वांत जुना नमुना म्हणजे पालघरकडच्या आदिवासींची घांगळी. बांबूची दांडी, खाली दोन भोपळे आणि वर तार. तंबोरा मात्र या कुळात येत नाही, कारण त्याला मान आहे. म्हणजे मैफलीत गायकाच्या मागे उभा असणारा तंबोरा लालबागच्या बेंजोचा लांबचा नातेवाईक ठरतो आणि गायकाच्या मांडीवरचे स्वरमंडल त्याचे सख्खे भावंड ठरते.

बेंजोचा जन्म जपानमधला आहे. १९१२ साली, तायशो या सम्राटाची कारकीर्द सुरू झाली त्या वर्षी, नागोया शहरातील मोरिता गोरो यांनी कोतोच्या घराण्यातल्या दोन तारांच्या वाद्याला टाइपरायटरसारखी बटणे जोडली आणि त्याला ‘तायशोगोतो’, म्हणजे तायशो काळातला कोतो, असे नाव दिले. हेतू सरळ होता: ज्याला वर्षानुवर्षे रियाज करायला सवड नाही त्यालाही घरी बसून चाल वाजवता यावी. हे वाद्य जपानबाहेर पडले आणि जिथे गेले तिथलेच झाले. बलुचिस्तानात ते मोठे आणि दमदार होऊन ‘बेंजू’ या नावाने लोकसंगीताचा कणा बनले, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तारब गाण्यात रुळले आणि भारतात कव्वालीपासून लग्नाच्या वरातीपर्यंत पोहोचले. मुंबई आणि जपान यांचा व्यवहार त्याआधीच जुळलेला होता. जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने निप्पॉन युसेन कैशा या कंपनीची मुंबई ते जपान जहाजे १८९३ साली सुरू झाली आणि इथला कापूस तिकडे जाऊ लागला. गिरगावात केशवजी नाईक चाळीत मुंबईचा पहिला सार्वजनिक गणेशोत्सव बसला तोही १८९३ सालीच. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण ज्या शहरात पुढे जपानी पेटी आणि गणपतीची मिरवणूक एकत्र यायची होती, त्या शहराची दोन्ही दारे एकाच वर्षी उघडली, एवढे नोंदवण्यासारखे आहे.

प्रस्तुत लेखकाचा या वाद्याशी संबंध आला तो दुरुस्तीच्या कामातून. गिरगावातल्या एका लहानशा वाद्यदुरुस्तीच्या दुकानात त्याने तारा बदलण्याचे आणि सुरात लावण्याचे काम शिकले आणि पुढे अनेक हंगाम लालबाग-परळच्या बेंजो पार्ट्यांबरोबर तेच काम रस्त्यावर केले. दुकानात बहुतेक काम स्वरमंडलांचे असे. किशोरी आमोणकर आणि पंडित जसराज यांच्या मैफलींमुळे स्वरमंडल मांडीवर घेऊन गाण्याची आवड शिकणाऱ्यांतही पसरली होती आणि तीस-चाळीस तारांची ती चपटी पेटी रेशमी खोळीत गुंडाळून अतिशय जपून आणली जाई. त्याच दुकानात, विशेषतः श्रावण लागला की, बेंजो येत. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा जुन्या चादरीत बांधलेले असत आणि दुकानाच्या पायरीवरच उघडले जात. दोन्हींची दुरुस्ती एकाच बाकावर, एकाच चावीने आणि त्याच तारेच्या लडीतून होत असताना आणणाऱ्यांच्या वागण्यात मात्र एवढे अंतर का, हा प्रश्न तिथेच प्रथम पडला.

तार बदलणे हे काम ऐकायला क्षुल्लक वाटते. तारेच्या टोकाला फास करून त्याला निदान सात-आठ घट्ट पीळ द्यावे लागतात, कारण पीळ कमी पडले तर ताण चढताच फास सरकतो आणि जास्त झाले तर तार पिळाच्या तोंडाशीच तुटते. फास आकड्यात अडकवून तार घोडीवरून, म्हणजे तारांना उचलून धरणाऱ्या आडव्या पट्टीवरून, पलीकडच्या खुंटीपर्यंत नेली जाते आणि चावीने हळूहळू चढवली जाते. बेंजोच्या मुख्य तारा एकाच षड्जात लावतात, बाजूच्या तारा षड्ज-पंचमाचा भरणा देत राहतात, आणि हा षड्ज काळी एक की पांढरी चार हे त्या पार्टीतल्या कीबोर्डवर ठरते. नवी तार मात्र लगेच स्थिर होत नाही. ती ताणली जाते, उतरते, पुन्हा चढवावी लागते, आणि या प्रक्रियेला कारागीर ‘तार बसणे’ म्हणतात. प्रस्तुत लेखकाच्या हातून पहिल्याच हंगामात विसर्जनाच्या आदल्या रात्री एका बेंजोच्या सगळ्या तारा एकदम बदलल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी भारतमाता चित्रपटगृहापाशी पोहोचेपर्यंत त्या इतक्या उतरल्या की मिरवणूक चालू असताना मास्तरांना वाजवणे थांबवून भर गर्दीत खुंट्या फिरवाव्या लागल्या. मास्तर रागावले नाहीत. सुपारीच्या, म्हणजे ठरलेल्या कार्यक्रमाच्या, निदान दोन दिवस आधी तार घालायची आणि रोज तासभर वाजवून तिला बसू द्यायची, एवढे त्यांनी सांगितले. वाजवताना तुटलेल्या तारेचा अपवाद सोडला तर तो नियम नंतर कधी मोडला गेला नाही.

बटणांचे काम तारांपेक्षाही नाजूक असते. बटण दाबले की त्याच्याखालची धातूची पट्टी तारांना पडद्यावर, म्हणजे तारांखालच्या आडव्या पट्टीवर, दाबते, तारेची वाजणारी लांबी कमी होते आणि स्वर चढतो. लांबी निम्मी झाली की वरचा षड्ज मिळतो आणि दोन तृतीयांश राहिली की पंचम मिळतो. तारेची मोकळी लांबी ५० सेंटिमीटर धरली तर पहिला पडदा टोकापासून सुमारे २.८ सेंटिमीटरवर येतो, बारावा बरोबर मध्यावर येतो आणि तिथून पुढचा पडदा अवघ्या १.४ सेंटिमीटरवर असतो. पडदा एक मिलिमीटर सरकला तर खालच्या सप्तकात ते एखादवेळी खपून जाते, पण वरच्या सप्तकात तीच चूक कानाला दुप्पट बोचते. पावसाळ्यात लाकूड फुगते, स्प्रिंगा गंजतात, दाबलेले बटण वर यायला उशीर करते आणि मग जलद चालीत दोन स्वर एकमेकांत अडकतात. मशिनच्या तेलाचा एक थेंब पुरेसा असतो, दोन पडले तर तेल तारेवर उतरते आणि नाद मरतो. हे सारे करताना समोर बेंजो आहे की स्वरमंडल आहे, याचा हाताला काहीही फरक पडत नाही. पेटीवर मान नसताना अनेक तारांचा ताण तोलून धरण्याचा प्रश्न दोघांतही तोच असतो, आणि हॉर्नबॉस्टेल-झाक्सचे वर्गीकरण वाचण्याच्या कितीतरी आधी हाताने ते नाते ओळखलेले होते.

बेंजो पार्टीचे वर्ष गणपतीपुरते नसते. गुढीपाडव्याची गिरगावातली शोभायात्रा, चौदा एप्रिलची भीमजयंती, कोळीवाड्यांतल्या हळदी, गोकुळाष्टमी, मग लालबाग-परळच्या कार्यशाळांतून मूर्ती मंडपाकडे नेण्याचे आगमन सोहळे, गणेशोत्सव आणि नवरात्र, अशी सुपाऱ्यांची साखळी चालते. बसून ऐकण्याच्या कार्यक्रमांतही बेंजोला जागा आहे. कव्वालीत आणि आंबेडकरी गायन पार्ट्यांत तो हार्मोनियम-ढोलकीच्या शेजारी बसतो आणि गाणाऱ्याची ओळ संपताच ती उचलून परत देतो. पण त्याची खरी परीक्षा रस्त्यावर होते. चाकांच्या गाडीवर बेंजो आणि कीबोर्ड, त्यांना जोडलेला अॅम्प्लिफायर आणि भोंगे, मागे ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, आणि भोवती ढोल, ताशा, ढोलकी असा ताफा असतो. ढोलाचा आवाज खालच्या कंपनांचा असतो आणि बेंजोचा टोकदार, वरच्या कंपनांचा. माणसाच्या कानाची संवेदनक्षमता त्या वरच्या टप्प्यात अधिक असल्यामुळे दहा ढोलांच्या गजरातूनही बेंजोची चाल वेगळी ओळखू येते. पियानोचे भावंड रस्त्यावर उतरून हे काम करते, हे ध्वनिशास्त्राच्या दृष्टीनेही विचार करण्याजोगे आहे.

अनंत चतुर्दशीला लालबागहून निघालेल्या मोठ्या मिरवणुका भायखळा, नागपाडा, ऑपेरा हाऊस करत गिरगाव चौपाटीला पोहोचतात तेव्हा अनेकदा दुसरा दिवस उजाडलेला असतो. इतका वेळ बेंजोमास्तर उभ्याने वाजवतात. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरलेली प्लॅस्टिकची छोटी पट्टी तारांवर अखंड पुढे-मागे फिरत राहते, कारण छेडलेली तार क्षणात विझते आणि स्वर लांबवायचा तर तीच तार पुन्हा पुन्हा छेडण्यावाचून मार्ग नसतो. डावा हात त्याच वेळी बटणांवर धावत असतो. बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली असते आणि मध्यरात्रीपर्यंत ती दोनदा तरी बदलावी लागते. पाऊस आला की पेटीवर जाड प्लॅस्टिकचा कागद पसरला जातो आणि मास्तर दोन्ही हात त्याच्याखाली घालून, एकही बटण न पाहता, वाजवत राहतात. अशा वेळी तार तुटली तर ती न बघता, केवळ स्पर्शाने, कागदाखालीच काढून टाकावी लागते आणि उरलेल्या तारांवर चाल पुढे न्यावी लागते, कारण मिरवणूक थांबत नाही. भायखळ्याला अग्निशमन दलाचे जवान बंबांचे भोंगे वाजवून गणपतीला मानवंदना देतात, तेवढी काही मिनिटे पार्टी शांत उभी राहते. तुटलेल्या तारेच्या जागी नवी घालायला मिळणारी रात्रीतली ती हक्काची वेळ, आणि प्रस्तुत लेखकाने कित्येक तारा त्या भोंग्यांच्या आवाजात, सूर ऐकू येत नसताना, फक्त ताणाच्या अंदाजाने चढवल्या आहेत.

या वाद्याच्या मर्यादा झाकण्यात अर्थ नाही. पडदे ठरलेले असल्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्यावर मनासारखी निघत नाही, श्रुतींचे बारीक भेद दाखवता येत नाहीत आणि आलापी त्याला साधत नाही. स्वरमंडल रागागणिक नव्याने लावता येते. बेंजोचे बारा स्वर कारखान्यातच ठरून येतात. पण कोळीगीत, जोगवा, गोंधळ यांच्या चालींत मींडेपेक्षा खटका आणि मुरकी, म्हणजे शेजारच्या स्वरांना झटक्याने शिवून येण्याची क्रिया, अधिक असते आणि ती बटणांवर अशी उतरते की जणू वाद्य त्यासाठीच घडवले असावे. सवड नसलेल्या माणसासाठी नागोयात तयार झालेले वाद्य गिरणीच्या पाळ्यांतून वेळ काढणाऱ्या कामगारवस्तीत रुजावे, यात नवल नाही. दुरुस्तीला येणारे जुने मास्तर बहुतेक गिरणी कामगारांच्या घरांतले होते. चाळीच्या गच्चीवर किंवा व्यायामशाळेच्या ओट्यावर, नोटेशनचा कागद न पाहता, कानाने ऐकून त्यांनी विद्या घेतली होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण त्या घरांतले वाद्य राहिले.

त्याला मान मात्र मिळाला नाही. २०१६ साली रवी जाधव यांनी ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट या कलावंतांवर काढला, त्याने नाव पडद्यावर आले, तरी संगीतवर्गांच्या अभ्यासक्रमात किंवा वाद्यांवरच्या मराठी पुस्तकांत बेंजोला क्वचितच जागा दिसते. रस्त्यावरच्या गोंगाटाचा दोषही त्याच्याच माथी मारला जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांवर बंदी घातली, पुढे दुरुस्तीने सणांसाठी वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंतची सवलत दिली गेली, आणि आजारी, वृद्ध व लहान मुलांचा विचार करता हे योग्यच झाले. परंतु बेंजो मुळात एवढा हळू वाजतो की बंद खोलीत त्यावर बोलणे सहज ऐकू यावे. कर्कशपणा भोंग्यांचा असतो, तारांचा नसतो. खरे संकट वेगळेच आहे. कीबोर्डवर आता बेंजोचा आवाज भरून मिळतो, त्याची तार तुटत नाही, तो पावसात उतरत नाही, आणि पैसे वाचवण्यासाठी काही पार्ट्या बेंजोमास्तरांऐवजी एकाच कीबोर्डवाल्याला उभे करतात. हा आवाज ऐकणाऱ्याला पुष्कळदा फरक कळत नाही, पण तार छेडण्याच्या गतीवर चढ-उतार घेणारी नाचणाऱ्यांची लय त्यातून उठत नाही, हे ज्यांनी दोन्ही ऐकले आहे त्यांना सांगावे लागत नाही.

म्हणून दोन विनंत्या. सार्वजनिक मंडळे आपल्या वार्षिक अहवालात देणगीदार, मूर्तिकार आणि सजावटकार यांची नावे छापतात, त्या यादीत त्या वर्षी वाजवलेल्या बेंजोमास्तरांचेही पूर्ण नाव छापावे, आणि जमल्यास त्यांच्या चार चाली भोंग्याविना, शांत खोलीत, मोबाइलवर का होईना, ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. आणि लालबाग-परळच्या जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होत असताना ज्यांच्या पोटमाळ्यावर बटणे गंजलेला जुना बुलबुलतरंग पडला असेल, त्यांनी तो भंगारात देऊ नये. तारा बदलता येतात, स्प्रिंगा मिळतात, आणि लाकूड शाबूत असेल तर ते वाद्य एका दुपारच्या कामात पुन्हा बोलते.